वॉर्डातले उघडे लॉगिन

रात्रीच्या फेरीला वॉर्डात गेलो की टेबलावरचा संगणक बहुधा सुरूच असतो. सकाळी कुणीतरी लॉगिन केलेले असते आणि त्याच नावावर निवासी डॉक्टर, परिचारिका, इंटर्न असे सगळेच काम उरकतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे धावताना दर वेळी पासवर्ड टाकायला सवड कुणाला आहे? पण उद्या औषधाचा डोस चुकीचा नोंदला गेला, तर तो कुणी लिहिला हे नोंदीवरून कळणार नाही.

असे का होते? पासवर्ड एकदा बरोबर टाकला की सर्व्हर ब्राउझरला एक टोकन देतो. ते केसपेपरवरच्या शिक्क्यासारखे समजा. पुढे प्रत्येक विनंतीसोबत ते टोकन जाते. रुग्णांच्या नोंदींच्या अलीकडे ‘मिडलवेअर’ नावाचा सॉफ्टवेअरचा थर दरवानासारखा बसलेला असतो. शिक्का खरा आहे ना, मुदत संपलेली नाही ना, एवढे पाहून तो आत सोडतो. टोकन कुणाच्या हातात आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणूनच उघडा संगणक किंवा चोरीला गेलेले टोकन, दोन्हींचा परिणाम सारखाच.

आणखी एक गोष्ट. ओळख पटली म्हणजे सर्व काही पाहण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. अस्थिरोग विभागातल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या विभागातील रुग्णाचा एचआयव्ही अहवाल दिसण्याचे कारण नाही. एचआयव्हीविषयीच्या २०१७च्या कायद्याने ही गोपनीयता बंधनकारक केली आहे. त्यामुळे ‘कोण आहे’ याच्याबरोबर ‘याला ही नोंद पाहता येईल का’ हेही प्रत्येक वेळी तपासले गेले पाहिजे.

हा प्रश्न आता एका रुग्णालयापुरता उरलेला नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१मध्ये देशभर सुरू झाले. १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी रुग्णाच्या संमतीने जोडता येतात. सोय मोठी आहे, तशीच जोखीमही. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा ओपीडीपासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले होते.

उपाय काय? टोकनची मुदत पाच मिनिटांवर आणली की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात मग पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला जातो. वॉर्डाच्या वेगाला न जुमानणारी सुरक्षा वॉर्डात टिकत नाही. त्यापेक्षा ओळखपत्र टेकवताच लॉगिन व्हावे, उचलताच बंद व्हावे. बदली झालेल्याचे टोकन त्याच दिवशी सर्व्हरवरून रद्द व्हावे. कुणाची नोंद कुणी उघडली, याचा हिशेब राहावा. रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर घेताना निविदेतच या अटी घालता येतात.

रुग्णांनीही आभाचा ओटीपी कुणाला सांगू नये. संमती देताना कोणत्या नोंदी आणि किती काळासाठी, हे वाचावे. दिलेली संमती मागे घेता येते, हेही लक्षात ठेवावे.

आणि माझ्या सहकाऱ्यांनो, संगणकापासून उठताना लॉगआउट करा. तिथे जे लिहिले जाईल, त्याखाली सही तुमची असेल.