बटण कुणाच्या हातात?

लहानपणी संगमनेरहून एसटीने पुण्याला जाताना नारायणगाव आलं की कुणीतरी मोठं माणूस सांगायचंच, ‘इथून आत आर्वीला सॅटेलाइटची मोठी छत्री आहे. परदेशातले फोन तिथूनच येतात.’ आर्वीचं हे उपग्रह केंद्र १९७१ साली सुरू झालं. केंद्र सरकारी होतं. वरचे उपग्रह इंटेलसॅटचे, म्हणजे अनेक देशांच्या सरकारांनी मिळून चालवलेल्या संस्थेचे. भारतही तिचा सभासद होता.

आज ती छत्री घराच्या पत्र्यावर मावेल एवढी लहान झाली आहे आणि वरचा उपग्रह खासगी कंपनीचा आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. असं करणारं आपलं पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागात सरकारी संस्था आणि लोकांपर्यंत उपग्रहाचं इंटरनेट पोहोचवायचं, असा बेत आहे. अर्थात केंद्राच्या परवानग्या मिळाल्यावर.

मी याच्या विरोधात नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सातपुड्याच्या पाड्यांवर केबल नेणं सोपं नाही. तिथल्या नर्सला डॉक्टरशी बोलता येत असेल तर उपग्रह हवाच. जुने दळणवळण उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे बोलण्यात खंड पडतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. संभाषण सरळ होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. ही सेवा बंद करण्याचं बटण कुणाकडे असेल?

सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, हे बटण म्हणजे प्रोग्राममधली एक अट असते. छत्री अमुक हद्दीत असेल तर सेवा द्या, नसेल तर देऊ नका. ती अट बदलायला तार कापावी लागत नाही.

युक्रेनमध्ये हे जगाने पाहिलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन हल्ला सुरू होण्याच्या सुमारास व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. युक्रेनचं सैन्य ही सेवा वापरत होतं. पण तीच सेवा सामान्य ग्राहकही वापरत होते. युरोपभर हजारो मोडेम निकामी झाले आणि जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांवरची दूरस्थ देखरेख तुटली. पवनचक्कीवाल्याचं युद्धाशी काय देणंघेणं? पण जोडणी सैन्याच्याच सेवेची होती.

मग स्टारलिंक मदतीला आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या सागरी ड्रोनना क्रायमियाजवळ जोडणी मिळाली नाही. तिथे सेवा सुरू करण्याची विनंती आपण नाकारली, असं इलॉन मस्क यांनी पुढच्या वर्षी स्वतःच सांगितलं. निर्णय बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवू. एका देशाच्या लष्करी मोहिमेबद्दलचा निर्णय एका कंपनीच्या मालकाने घेतला, एवढं पुरेसं आहे. त्यानंतर जून २०२३ मध्ये पेंटॅगॉनने युक्रेनसाठी रीतसर करार केला.

गाझाचं उदाहरण तर आपल्या काळजाजवळचं आहे. २७ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री तिथले फोन आणि इंटरनेट जवळपास पूर्ण बंद पडले. मान्यताप्राप्त मदत संस्थांना जोडणी देऊ, असं मस्क म्हणाले. इस्रायलच्या मंत्र्याने विरोध केला. गाझातल्या एका इस्पितळात स्टारलिंक सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला, तोही इस्रायलच्या परवानगीने. उपग्रह त्या सगळ्या काळात डोक्यावरून फिरतच होते.

बटण सरकारकडेही असतं. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेलं ४जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलं. पण सरकारी बंदीविरुद्ध न्यायालयात जाता येतं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. कंपनीने सेवा थांबवली तर धडगावच्या नर्सने काय दाखवायचं? हाती फक्त करार असतो.

करार वाचायची सवय मला उशिरा लागली. पुण्यात मी काम करत होतो त्या कंपनीचं खातं एका परदेशी सेवेने एका रात्री ‘तपासणीसाठी’ गोठवलं. आमच्या कोडमध्ये चूक नव्हती. सकाळपर्यंत ग्राहकांचे फोन घेत बसलो. ‘कारण न देता सेवा थांबवू शकतो’ हे कलम तेव्हा पहिल्यांदा वाचलं. त्यावर आम्हीच सही केली होती.

सैन्याला हे पक्कं ठाऊक आहे. राज्याने इरादापत्रावर सही केली, त्याच्या तीनच दिवस आधी, २ नोव्हेंबर २०२५ ला, इस्रोने नौदलासाठी सुमारे ४,४०० किलोंचा दळणवळण उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला. परक्याच्या उपग्रहावर युद्धनौका चालवायच्या नाहीत, हे नौदलाने ठरवलं. नंदुरबारच्या आरोग्य केंद्रासाठी कुणी स्वतंत्र उपग्रह सोडणार नाही, हे मान्य. पण नौदलाने विचारलेला प्रश्न त्या केंद्राच्या वतीनेही कुणीतरी विचारायला हवा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अंतिम करार होईल तेव्हा त्याचा मजकूर जनतेपुढे यावा. सेवा थांबवायची असेल तर आगाऊ सूचना आणि लेखी कारण बंधनकारक असावं. दवाखाने आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी दुसरी वाट, मग ती फायबरची असो वा इस्रोच्या उपग्रहाची, चालू ठेवावी. आणि छत्री दुरुस्त करणारे हात त्याच जिल्ह्यातले असावेत.

हे मागायला मंत्री व्हावं लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. व्यापारी गोपनीयतेचं कारण पुढे केलं जाईल. पण त्याच कलमात व्यापक जनहिताचा अपवादही लिहिलेला आहे. तो अर्जात नमूद करा.

आपण गाझाचे व्हिडिओ तळमळीने पुढे पाठवतो. तो व्हिडिओ कोणत्या वाटेने आला आणि ती वाट कोण बंद करू शकतो, हे क्वचितच विचारतो. संगमनेरमध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अँटेना आणि नेटवर्क हे विषय पास होण्यापुरते वाचू नयेत. आर्वीची छत्री आपण एसटीच्या खिडकीतून फक्त ऐकली. या नव्या छत्रीचा करार तरी वाचूया.