विश्लेषण : जर्सीचा ऑनलाइन लिलाव… ‘रेप्लिका’ आणि बनावट यांत फरक कसा ओळखाल?

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा झाला आणि ‘ड्रीम११’चे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून गेले. सप्टेंबरमधील आशिया चषकात संघ मुख्य प्रायोजकाविनाच खेळला, मग ‘अपोलो टायर्स’ आले. नोव्हेंबरमध्ये महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. अशा प्रत्येक बदलानंतर जुन्या जर्सी ‘दुर्मीळ’ म्हणून लिलावात येतात आणि त्यांच्यासोबत बनावट मालही येतो.

‘रेप्लिका’ म्हणजे नकली का?

नाही, पण गोंधळ इथूनच सुरू होतो. जून २०२३ मध्ये आदिदासने भारतीय संघाची जर्सी बाजारात आणली तेव्हा तिच्या तीन किमती होत्या. खेळाडू घालतात तशी ४,९९९ रुपयांना, रेप्लिका २,९९९ रुपयांना आणि साधी फॅन जर्सी ९९९ रुपयांना. म्हणजे रेप्लिका हे कंपनीचेच, परवानाधारक उत्पादन. आपल्याकडे मात्र रस्त्यावरच्या ‘फर्स्ट कॉपी’लाही रेप्लिकाच म्हणतात. विक्रेता या दुहेरी अर्थाचा आडोसा घेतो. वस्तू बनावट निघाली की ‘आम्ही रेप्लिका असेच लिहिले होते’ हे उत्तर तयार असते. त्यामुळे बोली लावण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा : ही कंपनीने बनवलेली अधिकृत जर्सी आहे का? ‘क्वालिटी एकदम ओरिजिनलसारखी आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. ‘सारखी’ या शब्दातच कबुली आहे.

फोटोवरून काय कळते?

बरेच काही, पण शिलाईपेक्षा आधी इतिहास तपासावा. आयसीसीच्या स्पर्धांत जर्सीच्या छातीवर देशाचे नाव असते आणि प्रायोजक बाहीवर जातो. त्यामुळे छातीवर मोठ्या अक्षरांत ‘ड्रीम११’ असलेली ‘२०२३ विश्वचषक, मॅच जर्सी’ संशयास्पदच. आशिया चषक २०२५ च्या नावाने तशी जर्सी कोणी विकत असेल, तर तो त्या स्पर्धेत नव्हतेच ते विकतो आहे. नायके २००६ पासून २०२० पर्यंत संघाचे कपडे पुरवत होती, त्यानंतर एमपीएल स्पोर्ट्स, काही महिने किलर आणि मग आदिदास. २०११ च्या जर्सीवर नायकेखेरीज दुसरे चिन्ह दिसले की पुढे पाहायची गरज नाही. ‘१९८३ ची निळी विश्वविजेती जर्सी’ तर विनोदच! कपिलदेवचा संघ पांढऱ्या कपड्यांत खेळला. विश्वचषकात रंगीत कपडे १९९२ मध्ये आले.

त्यानंतर लेबल. आतल्या छोट्या पट्टीवर उत्पादनाचा कोड असतो. तो इंटरनेटवर शोधला की तीच जर्सी, तोच रंग दिसायला हवा. एखाद्या बुटाचा किंवा भलत्याच संघाच्या जर्सीचा कोड निघाला तर विषय संपला. उलट, बोधचिन्ह रबरासारखे चिकटवलेले दिसले म्हणून घाबरू नये. फुटबॉलच्या जर्सींत सर्वसाधारणपणे खेळाडूंच्या आवृत्तीवर चिन्ह उष्णतेने चिकटवलेले आणि रेप्लिकावर भरतकामाचे किंवा विणलेले असते. वजन कमी ठेवण्यासाठी तसे करतात.

डोळ्यांवर किती भिस्त ठेवायची, याचे उत्तम उदाहरण मॅराडोनाचे. १९८६ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी अर्जेंटिनाने निळ्या जर्सी ऐनवेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून आणल्या आणि चिन्ह व चंदेरी आकडे घाईने लावले. आज कोणी ती पाहिली तर नकलीच म्हणेल. मे २०२२ मध्ये सदबीजच्या ऑनलाइन लिलावात तिला ७१ लाख पौंडांहून अधिक किंमत मिळाली. त्याआधी मॅराडोनाच्या मुलीने ती दुसऱ्या सत्रातली नसल्याचा दावा केला होता. सदबीजने सामन्याच्या छायाचित्रांशी बारीकसारीक तपशील जुळवून पाहिल्याचा दाखला दिला.

सही असलेल्या जर्सीचे काय?

इथे सर्वाधिक सावध राहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांच्या धर्मादाय लिलावात विराट कोहलीच्या जर्सीला ४० लाख रुपये मिळाले. तशीच ‘सही केलेली’ जर्सी आठ हजारांत मिळत असेल, तर बहुधा जर्सी आठशेची आणि सही विक्रेत्याची. सोबतचे प्रमाणपत्र कोणत्याही छपाईच्या दुकानात तयार होते. त्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा देणारी संस्था स्वतंत्र असते आणि होलोग्रामचा क्रमांक तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

लिलाव होतात कुठे, आणि संरक्षण किती?

ई-बेचे भारतातील संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. आता भारतीय ग्राहक परदेशी ई-बेवर बोली लावतात किंवा समाजमाध्यमांवरील संग्राहकांच्या गटांत, जिथे कमेंटमध्ये आकडे टाकून लिलाव चालतो. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ई-बेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर साधारण ३० दिवसांत तक्रार करून पैसे परत मागता येतात. अट अशी की पैसे तिथेच भरलेले हवेत. ‘बाहेर व्यवहार करू, स्वस्तात देतो’ म्हणणारा विक्रेता तुमचे हे संरक्षणच काढून घेत असतो. मात्र परदेशातून येणाऱ्या पार्सलवर सीमाशुल्क आणि टपालखर्च लागतो, तो धरूनच कमाल बोली ठरवावी.

गटांतल्या लिलावाला असे काहीच नाही. ई-कॉमर्ससंबंधीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम विक्रेत्याची माहिती देणे आणि ४८ तासांत तक्रारीची पोच देणे बंधनकारक करतात, पण नियमित व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या वस्तू विकणारी व्यक्ती त्यांतून वगळलेली आहे. यूपीआयने पैसे गेले की क्षणात गेले. म्हणून पैसे देण्याआधी जर्सीशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला फोटो, लेबलचा जवळून फोटो आणि शक्यतो व्हिडीओ कॉल मागावा. नकार मिळाला तर जर्सी त्याच्याकडे नाहीच, असे धरून चालावे.

बोली फुगवली जाते का?

जाते. विक्रेत्याचेच मित्र खोट्या बोली लावतात. ई-बेवर बोलीदाराच्या बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याकडे आहेत, हे पाहता येते. आकडा मोठा आणि जिंकलेल्या वस्तू नगण्य असतील तर बाजूला व्हावे. ‘विजेत्याने माघार घेतली, तुम्हाला देतो’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर तो बहुतेक सापळाच.

फसवणूक झाल्यास?

पैसे देऊन काहीच आले नाही तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. व्यावसायिक विक्रेत्याने बनावट माल दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बनावट ट्रेडमार्कचा माल विकल्यास १९९९ च्या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. फसलेल्या ग्राहकांपैकी काही जण तीच जर्सी ‘ओरिजिनल’ म्हणून पुन्हा लिलावात टाकून पैसे वसूल करू पाहतात. हे कलम त्यांनाही लागू होऊ शकते.