लेखणी आणि चरितार्थ

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांना १९२५ साली आपल्या नोकरीवर पाणी सोडावे लागले, या घटनेला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. संततिनियमनाचा प्रचार सोडा, नाही तर नोकरी सोडा, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला आणि त्यांनी नोकरी सोडली. पुढे १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली निधन होईपर्यंत पदरमोड करून ते चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटल्यांचा हा इतिहास महाराष्ट्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. परंतु कर्व्यांना त्यांच्या मतांबद्दल पहिली शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिली नव्हती, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. ती शिक्षा पगाराच्या मार्गाने आली होती. तिला आरोपपत्र लागले नाही, पुरावा लागला नाही आणि तिच्यावर अपीलही नव्हते.

कर्व्यांचे उदाहरण परकीय अमदानीतले म्हणून कोणी बाजूला सारील. तेव्हा अलीकडचे पाहू. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिस येथील 'शार्ली एब्दो' या व्यंग्यपत्राच्या कार्यालयावर हल्ला होऊन बारा माणसे मारली गेली. त्यानंतर त्या पत्राचे एक मुखपृष्ठ 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत छापले गेले. संपादक शिरीन दळवी यांनी लगोलग माफी मागितली. पण तक्रारींमागून तक्रारी दाखल झाल्या, मुंब्रा येथे त्यांना अटक झाली व जामिनावर सुटका झाली. काही काळ त्यांना स्वतःच्या घरापासून दूर राहावे लागले. दरम्यान पत्राची मुंबई आवृत्तीच बंद पडली. संपादकाची नोकरी तर गेलीच. ज्यांचा त्या चित्राशी काडीमात्र संबंध नव्हता, अशा सहकाऱ्यांचाही रोजगार गेला. खटल्याचा निकाल लागायला वर्षे लागतात. चूल विझायला मात्र एक पंधरवडाही पुरतो.

कायद्याची मर्यादा

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, ते प्रामुख्याने शासनाच्या विरुद्ध. वृत्तपत्रांची पाने व किंमत यांवर निर्बंध घालू पाहणाऱ्या कायद्याविरुद्ध पुण्याच्या 'सकाळ'ने साठच्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि ती मिळविली, हा मराठी वृत्तसृष्टीला भूषणावह असा प्रसंग आहे. परंतु त्या लढ्यात मिळालेले स्वातंत्र्य वृत्तपत्राचे होते. त्या वृत्तपत्राच्या आत बसून लिहिणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य किती, हा प्रश्न तेथे उपस्थित झालाच नव्हता. शासनाने लेखणी हिसकावली तर न्यायालयाचे दार उघडे असते. मालकाने ती हिसकावली तर तो नोकरीच्या कराराचा प्रश्न ठरतो.

यावर एक सरळ प्रतिवाद होईल, आणि तो हलका नाही. मालकालाही मत आहे व आपल्या पत्रात काय छापावे, हे ठरविण्याचा त्याला अधिकार आहे. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला तो सामाजिक सुधारणेविषयी सहकाऱ्यांशी न जुळणाऱ्या मतांमुळे. पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. 'केसरी'ने आपल्याला न पटणारी मते छापलीच पाहिजेत, असा हट्ट कोणी धरू नये. हे सर्व मान्य. पण आगरकरांच्या बाबतीत एक आर्थिक तपशील विसरता कामा नये. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून त्यांची प्राध्यापकी शाबूत होती. वेतन तुटपुंजे खरे. पण 'केसरी' सुटला म्हणून घरातील भाकर सुटली नाही. मतभेदाची किंमत त्यांना परवडण्याजोगी होती, म्हणून मराठी समाजाला 'सुधारक' मिळाला. ज्यांना ती परवडली नाही, अशा किती जणांचे 'सुधारक' निघायचेच राहून गेले असतील, याची नोंद कोणत्याही इतिहासात सापडणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, विद्वेष पसरविणाऱ्या भाष्यकाराला काढून टाकले तर त्यात वाईट काय? येथे अमेरिकेतील दोन घटना उद्बोधक आहेत. २०१० च्या जुलै महिन्यात सीएनएन या वृत्तवाहिनीने ऑक्टेव्हिया नस्र या ज्येष्ठ संपादिकेला काढले. लेबनॉनमधील एका दिवंगत शिया धर्मगुरूविषयी तिने ट्विटरवर आदर व्यक्त केला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात एनपीआर या नभोवाणी संस्थेने हुआन विल्यम्स या भाष्यकाराचा करार संपविला. विमानात मुस्लिम पेहरावातील प्रवासी दिसले की आपण अस्वस्थ होतो, असे तो दुसऱ्या एका वाहिनीवर बोलला होता. एकीचा अपराध सहानुभूतीचा, दुसऱ्याचा भीतीच्या कबुलीचा. पहिलीच्या गच्छंतीने जे संतुष्ट झाले असतील, तेच दुसऱ्याच्या वेळी स्वातंत्र्याचा घोष करीत असणार. आणि याच्या उलटही तितकेच खरे. बडतर्फीच्या शस्त्राला पक्ष नसतो. आज ते आपल्या प्रतिपक्षावर चालते म्हणून आपण टाळ्या पिटल्या, तर उद्या ते आपल्यावर चालताना तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आपल्यापाशी उरत नाही.

दबावाचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता या प्रश्नाचे मूळ उत्पन्नाच्या रचनेत आहे. वाचक अंकासाठी जी किंमत मोजतो, तीत छपाईचा खर्चही धड निघत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो, आणि मोठ्या जाहिरातदारांत सरकारही आले. अशा व्यवसायात एका वादग्रस्त लेखाने होणारा तोटा मालकाला तत्काळ आणि रुपयांत दिसतो. तो लेख छापल्याने समाजाला होणारा लाभ मात्र लाखो वाचकांत थोडाथोडा विखुरलेला असतो. त्याची पावती कोणीच फाडत नाही. म्हणून गोंगाट करणारे मूठभर लोक जिंकतात आणि मूक बहुसंख्य वाचक हरतात. यात मालक दुष्टच असला पाहिजे असे नाही. तो केवळ हिशेबी असला तरी पुरते.

यासाठी प्रत्येक वेळी कोणाला काढावे लागते असेही नाही. मार्च २०१६ मध्ये 'लोकसत्ता'ने मदर तेरेसांच्या संतपदावरील 'असंतांचे संत' हा अग्रलेख दुसऱ्याच दिवशी क्षमायाचनेसह मागे घेतला. त्यात संपादकाचे पद गेले नाही. गेला तो अग्रलेख. तो लेख कित्येकांना रुचला नसेल. पण न रुचणाऱ्या लेखाला उत्तर लिहिता येते, मागे घेतलेल्या लेखाला उत्तर देता येत नाही. २०१७ च्या जुलैत मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांना जवळच्या साप्ताहिकात याहून पुढचे पाऊल पडले. एका बड्या उद्योगसमूहाविषयीच्या लेखावरून वकिलाची नोटीस आली. संपादक परंजय गुहा ठाकुरता यांनी विश्वस्तांना न कळविता तिला उत्तर दिले, असा विश्वस्तांचा आक्षेप होता. लेख काढून घेण्यास सांगण्यात आले व संपादकांनी राजीनामा दिला. कार्यपद्धतीचा आक्षेप खराही असेल. परंतु नोटिशीचा कागद आला आणि काही दिवसांत लेखही गेला व संपादकही गेला, एवढे अन्य संपादकांच्या ध्यानात राहिले असणार.

उपाय काय?

या बाबतीत आपले पूर्वसूरी आपल्याहून शहाणे होते. फ्रान्सने १९३५ सालीच अशी तरतूद केली की, पत्राचे धोरण बदलल्यामुळे सद्सद्विवेकबुद्धीला अनुसरून पद सोडणाऱ्या पत्रकाराला नुकसानभरपाई मिळावी. आपल्याकडे १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने संपादकाला सहा महिन्यांची व अन्य पत्रकारांना तीन महिन्यांची पूर्वसूचना बंधनकारक केली. पुढील दुरुस्तीने, सद्सद्विवेकाच्या कारणावरून राजीनामा देणाऱ्यास तीन वर्षांच्या सेवेनंतरही उपदानाचा हक्क दिला. मत आणि चरितार्थ यांचा संबंध तेव्हाच्या कायदेकर्त्यांना नेमका उमगला होता. हा कायदा २०२० च्या श्रमसंहितांत विलीन झाला आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. वृत्तवाहिन्या व अंकीय माध्यमांतील पत्रकारही आता व्याख्येत आले, हे योग्यच झाले. परंतु मुदतीच्या करारावर काम करणाऱ्याला काढावेच लागत नाही. कराराचे नूतनीकरण केले नाही की झाले.

तेव्हा किमान तीन गोष्टींचा आग्रह आपण धरला पाहिजे. संपादकांच्या संमतीने जे छापले वा प्रसारित झाले, ते संस्थेचे आहे; त्याची शिक्षा एकट्या लेखकाला देता येऊ नये. वाद पेटलेला असताना कोणालाही काढू नये. लेखी कारण, लेखकाची बाजू आणि ठरावीक मुदत यांखेरीज निर्णय होऊ नये. आणि मतासाठी करार तुटला, तर भरपाई मिळावी. हिंसेची चिथावणी देणाऱ्याला वा जाणूनबुजून खोटी माहिती छापणाऱ्याला यातून अभय नाही; मात्र त्याचा अपराध नियमाने ठरावा, जमावाच्या आवाजाने नव्हे.

हा सारा मुंबई-पुण्याचा प्रश्न आहे, असे नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाने समजू नये. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा येथील वार्ताहराला नेमणुकीचे पत्रही बहुधा नसते. अल्प मानधन आणि जाहिरातींवरील दलाली यांवर त्याची गुजराण. त्या जाहिराती स्थानिक पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या आणि ठेकेदारांच्या शुभेच्छांच्या. ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्याकडूनच त्याचे उत्पन्न येते. त्याला काढण्याचा प्रसंग येत नाही. पुढच्या महिन्यापासून त्याच्या बातम्या घेणे बंद होते. अमर्त्य सेन यांनी दाखविले आहे की, वृत्तपत्रे स्वतंत्र असलेल्या लोकशाहीत मोठे दुर्भिक्ष पडत नाही. पण त्यांनीच असेही म्हटले आहे की, रोजच्या, सवयीच्या झालेल्या अर्धपोटी जगण्याकडे हीच वृत्तपत्रे पुरेसे लक्ष देत नाहीत. सातपुड्याच्या पाड्यांवरील कुपोषण हे या दुसऱ्या प्रकारातले आहे. त्याची बातमी एकदा देऊन भागत नाही. ती पुनःपुन्हा, अधिकाऱ्यांचा आणि पुढाऱ्यांचा रोष ओढवून घेऊन द्यावी लागते. ती देणाऱ्याची मीठभाकरी सुरक्षित नसेल, तर पाड्यावरचे मूल दगावल्याची बातमी खाली शहाद्यापर्यंतही पोहोचणार नाही, मग मुंबईची गोष्ट दूरच.