आठ आठवड्यांची विद्या

विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवीच्या अभ्यासक्रमाची जी नवी चौकट प्रसिद्ध केली, तींत उन्हाळी सत्राविषयीं मोजकींच वाक्यें आहेत. सुटींत आठ आठवड्यांचें एक सत्र घेतां येईल. त्यांत विद्यार्थ्यांनीं उमेदवारी करावी, आणि महाविद्यालयास सोयीचें असल्यास नेहमींचे विषयही द्रुतगतीनें शिकवून ज्यांचे ते मागें राहिले असतील त्यांस पुरे करूं द्यावेत, अशी ती योजना आहे. मध्यमवर्गीय पालकांस ही कल्पना मानवण्यासारखी आहे. मुलगा सारा मे महिना लोळून काढतो, त्यापेक्षां चार श्रेयांक पदरांत पडले तर वाईट काय, असा हा रोकडा हिशेब. आमच्या मतें तो फसवा आहे.

आम्ही पडलों प्राध्यापक. तेव्हां सुटीवर गदा आली म्हणून हा ओरडा, असें कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. उन्हाळ्यांत शिकण्याशीं आमचें वैर नाहीं. ज्या अमेरिकेंत ही प्रथा वाढली तेथें हार्वर्ड विद्यापीठाचे उन्हाळी वर्ग १८७१ सालीं सुरू झाले ते वनस्पतिशास्त्राचे. तिकडे हिवाळ्यांत सारें रान बर्फाखालीं. फुलें पाहावयाचीं तर उन्हाळ्यांतच. दोन वर्षांनीं लुई आगासी यांनीं पेनिकीज बेटावर शिक्षकांना जमवून समुद्रांतील जीव प्रत्यक्ष दाखविले, तेंही याच ऋतूंत. पुढें शिकागो विद्यापीठांत विल्यम हार्पर यांनीं वर्षाचे चार भाग केले आणि १८९४ मध्यें उन्हाळ्याचा भाग इतर भागांच्या बरोबरीनें चालू केला. जो अध्यापक उन्हाळ्यांत शिकवील त्यास दुसरा एखादा भाग मोकळा मिळे. या सर्वांत ऋतूचा, विषयाचा आणि माणसाचा कांहीं विचार होता. आम्हीं उचलला तो केवळ ऋतू, आणि तोही परक्याचा! आमच्या कास पठारावर फुलें येतात ऑगस्ट-सप्टेंबरांत, पावसाबरोबर. त्या वेळीं आमचे विद्यार्थी वर्गांत बसून हजेरी भरीत असतात.

श्रेयांक हें माप तरी काय आहे? पंधरा तासांचें अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. अशा तासांच्या मापाचा अमेरिकेंत जो प्रसार झाला, त्यास कार्नेगी प्रतिष्ठानाची प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाची योजना बरीचशी कारण झाली, ही गोष्ट आमच्याकडील उत्साही मंडळींस ठाऊक असल्यास बरें. चार श्रेयांकांच्या विषयास साठ तास लागतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रांत ते आठवड्यास चार पडतात, आठ आठवड्यांत साडेसात. बेरीज दोन्हीकडे साठच येते आणि हिशेबनीस संतुष्ट होतो. परंतु विद्या त्या साठ तासांत जितकी असते तितकीच, किंबहुना अधिक, त्या तासांच्या मधल्या दिवसांत असते. सोमवारीं ऐकलेलें गुरुवारपर्यंत मनांत मुरतें, पटत नाहीं, पुस्तक पुन्हा उघडावेंसें वाटतें, मित्राशीं वाद होतो. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' पहिल्या वाचकांनीं 'करमणूक' पत्राच्या अंकांतून हप्त्याहप्त्यानें वाचली. मधल्या दिवसांत यमूचें पुढें काय होणार ही काळजी त्यांनीं वाहिली असेल. ती कादंबरी चार दिवसांत उरकून पांचव्या दिवशीं चाचणी देणाऱ्या मुलाच्या हातीं काय लागेल? तिचा सारांश, आणि तो बाजारांत आयता मिळतोच.

कांहीं विषयांना दाट वेळापत्रक मानवतें, हें आम्ही मान्य करितों. नवी भाषा शिकणारास रोजचा सहवास हिताचा. प्रयोगशाळेंतील हस्तकौशल्य सलग सरावानें वाढतें. एकाच विषयापायीं कोणाचें वर्ष अडत असेल तर त्यास उन्हाळ्यांत संधि मिळणें न्यायाचें आहे, याविषयींही वाद नाहीं. वाद आहे तो 'द्रुतगति' या शब्दाशीं. जो विषय विद्यार्थ्यास पंधरा आठवड्यांत झेपला नाहीं तो आठांत झेपेल, ही कल्पना कोणत्या अध्यापकाच्या अनुभवांतून निघाली? सहा महिन्यांत गणित न कळलेल्या मुलीस अधिक वेळ लागतो, सावकाश समजावणारा शिक्षक लागतो. तिला निम्मा वेळ देऊन उत्तीर्ण करावयाचें, तर एक तर ती पुन्हा नापास होईल, नाहीं तर परीक्षाच सोपी होईल. यांपैकीं काय होईल हें महाविद्यालयांत काम केलेल्यास सांगावयास नको.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. त्याच चौकटीप्रमाणें पहिलें वर्ष संपवून शिक्षण सोडणारास चाळीस श्रेयांकांवर प्रमाणपत्र मिळावयाचें तर उन्हाळ्याच्या सुटींत चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडतो कोण? बहुधा ज्याच्या घरीं पैसा नाहीं तो. त्याचा उन्हाळा लोळण्यांत जात नाहीं. कोंकणांतला मुलगा आंब्याच्या पेट्या भरतो, देशावरचा लग्नसराईंत वाढप्याचें काम करतो, मुली घरच्या शेताची पेरणीपूर्व कामें उरकतात. त्या कमाईवर पुढच्या वर्षाची फी निघावयाची असते. अशा विद्यार्थ्यास आपण सांगतों कीं, तूं पैशाअभावीं जातो आहेस, तर जातांना कमाईचे दोन महिनेही ठेवून जा! अमेरिकेंत गरीब विद्यार्थ्यांना मिळणारें पेल अनुदान उन्हाळ्यासाठीं २०११ मध्यें बंद झालें होतें, तें २०१७ मध्यें पुन्हा सुरू करावें लागलें. सत्र ठेवावयाचें तर थैलीही उघडावी लागते, एवढें तिकडच्या कायदेमंडळास कळलें.

आणि शिकविणार कोण? चौकट म्हणते, अध्यापकांच्या उपलब्धतेनुसार. महाराष्ट्रांत या शब्दांचा अर्थ उघड आहे. पदें रिकामीं ठेवून तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण, ज्यांना सुटीचा छदामही मिळत नाहीं, तेच चंद्रपूर-नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत उभे केले जातील. काम मिळालें म्हणून ते नाहीं म्हणणार नाहींत. त्यांची ही अडचण हेरून आखलेल्या सत्रास शैक्षणिक सुधारणा म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

ज्या संस्थांना उन्हाळ्यांत विद्यार्थ्यांसाठीं कांहीं करावयाचेंच आहे, त्यांनीं प्रथम वसतिगृह आणि खानावळ मे महिन्यांत चालू ठेवावी. मग सकाळीं सात ते अकरा ग्रंथालय उघडावें, एक जाणता अध्यापक योग्य मोबदला देऊन तेथें बसवावा, आणि मागें राहिलेल्या मुलांना हवें तें विचारूं द्यावें. त्याचे श्रेयांक नकोत, फी नको. परीक्षा पुढच्या सत्राच्या अखेरीस, सर्वांबरोबर, त्याच प्रश्नपत्रिकेवर व्हावी.