गटार वरून सडतं!

गटाराचा काँक्रीटचा पाइप कुठून सडतो, सांगा पाहू? "खालून, घाण पाणी तिथूनच तर वाहतं" असं उत्तर आमच्या घरात एकमुखानं आलं. पण नाही मंडळी, तो सडतो वरून! तळाच्या चिकट गाळातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड (तोच तो सडक्या अंड्यांचा वास) सोडतात. वायू वर जातो आणि पाइपच्या ओल्या छतावर बसलेले दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड करतात. या दुसऱ्या मंडळींना मेलबर्नच्या पार्करनं १९४५ मध्येच पकडलं होतं.

नेहमीचं सिमेंट घट्ट होताना त्यात मोकळा चुना तयार होतो. अ‍ॅसिड आधी त्याच्यावरच तुटून पडतं आणि टणक काँक्रीटचा पांढरा, पिठूळ लगदा होतो.

यावर एक उपाय म्हणजे अल्कलीनं घट्ट होणारं काँक्रीट. वीज केंद्रातली राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतला स्लॅग घ्यायचा, त्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट घालायचं. सिमेंट नाहीच! कल्पना नवी नाही. कीव्हच्या ग्लुखोव्स्कींनी १९५०च्या दशकातच यावर काम सुरू केलं होतं. राखेच्या काँक्रीटमध्ये मोकळा चुना जवळजवळ नसतो, म्हणून अ‍ॅसिडला खायलाही फारसं मिळत नाही.

मग काय, लगेच 'अ‍ॅसिडप्रूफ' अशी जाहिरात! माझा आक्षेप आहे तो इथं. एक तर स्लॅगच्या काँक्रीटमध्ये कॅल्शियम भरपूर असतं, मॅग्नेशियम सल्फेट त्याला सोडत नाही. दुसरं म्हणजे, गटारात वैरी ठरणारा तोच मोकळा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड अडवून आतल्या सळईला गंजापासून राखत असतो. तो नसला की हवा लवकर आत पोचते. थोडक्यात, जो गुण गटारात तारतो तोच बाल्कनीच्या स्लॅबमध्ये दगा देऊ शकतो. आणि अ‍ॅसिडच्या बादलीत काही महिने बुडवलेला क्यूब म्हणजे गटारातली पन्नास वर्षं नव्हेत.

म्हणून मला वाटतं, या काँक्रीटला आधी त्याच्या हक्काच्या जागी लावा. गटाराचे पाइप, मॅनहोल, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या टाक्यांचं अस्तर, जिथं सळई कमी आणि अ‍ॅसिड जास्त. राखेच्या काँक्रीटला सुरुवातीला साधारण ६० ते ८० अंशांची ऊब लागते, ती कारखान्यातच नीट देता येते. आपलं २०२० चं भारतीय मानक, आयएस १७४५२, प्रीकास्ट मालापुरतंच आहे, ते मला शहाणपणाचं वाटतं. इमारतींची घाई नको.

हा नुसता रसायनशास्त्राचा वाद नाही हो. छत खचलं की रस्ता खचतो, मैला विहिरीत झिरपतो, आणि २०१३ चा कायदा असूनही कुणाला तरी त्या वायूत खाली उतरवलं जातं. पाइप जितका टिकेल, तितक्या वेळा तो माणूस वर राहील.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.