नाव की नाद?

आंजी (मोठी) येथील पुतण्याला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. तीही सत्तरच्या दशकातील फंक संगीताचा कोरडा, तुटक नाद देणारी. मोठ्या नावाच्या महागड्या वाद्याखेरीज तो नाद निघत नाही, अशी त्याची समजूत.

व्यापारी कुटुंबांना रुचेल असा एक व्यवहार सांगतो. ‘शीक’ या वाद्यवृंदाचे नाइल रॉजर्स यांनी मायामी बीच येथे आपली गिब्सन गिटार देऊन जुनी फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली आणि वर रोख रक्कमही पदरात पाडून घेतली. तिची फळी १९६० ची, मान १९५९ ची! त्याच वाद्यावर पुढे त्यांची कीर्ती उभी राहिली.

स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचे एकेरी वेटोळे असते. म्हणून स्वर पातळ व धारदार उमटतो. दुहेरी वेटोळ्याचा स्वर जाड होतो. बँकेत कर्जदाराची पाटी न पाहता खतावणी पाहण्याची आमची सवय. येथेही तेच करावे. फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त श्रेणीतील, तीन एकेरी पिकअप आणि पाच टप्प्यांचा खटका असलेली गिटार पुरे. खटका दुसऱ्या वा चौथ्या टप्प्यावर ठेवावा. बाकीचे काम हातांचे : डाव्याने तारा दाबून लगेच सैल सोडणे, उजवा अखंड हलता ठेवणे.

सगळी रक्कम गिटारवर खर्चू नये. अॅम्प्लिफायरसाठी आणि जाणकाराकडून तारांची उंची जुळवून घेण्यासाठी काही राखावी. वापरलेली घेतल्यास मान वाकलेली नाही ना, पडदे झिजलेले नाहीत ना, हे पाहावे. एकेरी वेटोळे विजेची गुणगुणही पकडते. तेव्हा वाजवताना ट्यूबलाइट आणि चार्जर दूर असलेले बरे.