शक्तिमानच्या चुका आणि माझी लाल शाई

परवा शाळा सुटल्यावर नववीतल्या मुलांनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. ‘शक्तिमान’ मालिकेतल्या चुका! शक्तिमान उडतोय, पण त्याच्या अंगाची कडा मागच्या आभाळापासून सुटलेली. नुसता चष्मा आणि पुढे आलेले दात लावले की तोच गंगाधर होतो, आणि सोबत काम करणारी गीता विश्वास त्याला ओळखत नाही. ती गीताही बदलते. आधी किटू गिडवानी, नंतर वैष्णवी महंत. पोरं खो खो हसली. मीही हसलो.

घरी येताना मात्र वाईट वाटलं. सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली तेव्हा मी माजलगावात अकरावीत होतो. लाईट असली तर अख्खा मोहल्ला एका घरात जमायचा. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, खालून ओरड व्हायची, “बस, बस, आया!” ती सुटलेली कडा आम्हाला कधी दिसलीच नाही.

कडा का सुटते हे मी मुलांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. नटाला एका रंगाच्या पडद्यापुढे उभं करून चित्रण करतात, मग तो रंग काढून तिथे आभाळ बसवतात. पडद्यावर उजेड सारखा पडला नाही की कडा उरते. थोड्या पैशात, घाईत केलेल्या कामाची ती खूण असते. ज्याला उडायचंच नाही, त्याची कडा कशाला दिसेल?

आणखी एक गोष्ट सांगितली. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे नाव ज्या मालिकेने घरोघरी पोचवलं, तिच्या लेखकांत गालिब असद भोपाली होते. उर्दू शायर असद भोपाली यांचे चिरंजीव. तिच्यातले महागुरू टॉम आल्टर उत्तम उर्दू बोलायचे. मुकेश खन्ना आणि किल्विष झालेले सुरेंद्र पाल हे दोघेही ज्या ‘महाभारत’मधून आले, त्याचे संवाद राही मासूम रझांचे. वर्ग गप्प झाला.

खरी गंभीर गोष्ट कडेची नव्हतीच. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं जिवावरचे खेळ करतात, अशा बातम्या आल्या, तेव्हा मुकेश खन्नांनी पडद्यावरूनच मुलांना समजावलं. भागाच्या शेवटी चुकलेलं पोर ‘सॉरी शक्तिमान’ म्हणायचं आणि पुन्हा खेळायला पळायचं. चूक कबूल केली, विषय संपला.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी एका मुलीने मराठी निबंधात लिहिलं, ‘माझा घर लहान आहे, पण माझी पुस्तक नवी आहे.’ मी पानभर लाल शाई ओतली आणि वर्गात वाचूनही दाखवलं. सगळे हसले. त्यानंतर वर्षभर तिने मराठीच्या तासाला तोंड उघडलं नाही. उर्दूत घर पुल्लिंगी आणि किताब स्त्रीलिंगी. म्हणजे ती चुकली तीही एका भाषेच्या नियमानेच. बी.एड. झालेल्या मला ती कडा दिसली, तिचं उडणं दिसलं नाही.

आमची पोरं घरात दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलतात. कॉलेजात, तहसील कचेरीत कुणी हसलं की ती हिंदीवर येतात, आणि मग आपणच म्हणतो, यांना मराठी येत नाही. माझं दोन्हीकडच्या मंडळींना सांगणं आहे. मराठी बांधवांनी हसू नये, आणि आपण उर्दू शिक्षकांनी लाल शाई जरा उशिरा उघडावी. आधी बोलू द्या. लिंग, वचन, विभक्ती मागून बसवता येतात. गेलेली हिंमत बसवता येत नाही.

ती मुलगी आता कुठे असते मला माहीत नाही. भेटली तर ‘सॉरी’ मला म्हणायचं आहे.